लांगिमाइनाचं वाकडं बोट

लांगिमाइनाच्या पायाचं बोट वाकडं आहे हे वाइमासी गावाला कळलं ते एका कुत्र्यामुळे, आणि तेही ऐन रविवारी, चर्चमध्ये प्रवचन चालू असताना.

तोवर अकरा वर्षं तिने ही गोष्ट झाकून ठेवली होती. नवरा इओसुआ तेवढा जाणून होता. पण त्याच्याकडून काही बाहेर फुटायची भीती नव्हती. त्याला कुणी काही विचारलं की तो आधी पाच मिनिटं विचार करायचा, तोवर विचारणारा कंटाळून निघून गेलेला असायचा.

बेटावर एरवी सगळं जग अनवाणी, फार तर रबरी सपाता; बूट चढवायचे ते चर्चला नाहीतर शाळेला. लांगिमाइना मात्र बारा महिने मोज्या-बुटांत. बायका म्हणायच्या, "हिची अपियाची हवा अजून उतरली नाही." ते अगदीच खोटं नव्हतं. राजधानीत, अपियाला, विमानाच्या तिकिटांच्या एका कचेरीत तिने सव्वीस वर्षं काउंटरमागे उभ्याने काढली होती. कचेरीचा नियम होता, काळे बंद बूट, टाच उंच. तिचा पाय गावात वाढलेला, पुढे पंख्यासारखा पसरलेला, ओल्या खडकावरही न घसरणारा. तो त्या टोकदार बुटात रोज सकाळी कोंबावा लागे. ऑकलंडला असलेली तिची धाकटी बहीण पेनिना दर नाताळाला बूट पाठवायची, आणि दर नाताळाला लांगिमाइना माप सांगायची, सात. पाय होता नऊचा. पण नऊ सांगायला तिची जीभ रेटत नसे.

पायांनी सव्वीस वर्षं ऐकून घेतलं आणि मग आपलं म्हणणं मांडलं. अंगठ्याशेजारचं बोट मधल्या पेरात वर उचललं गेलं, टोक खाली रुतलं. वर आलेल्या पेरावर बूट घासून घासून कातडीचं टणक कुरूप झालं. डाव्या पायाचं बोट थोडं वाकलं, उजव्या पायाचं पुरतं.

तर तो रविवार. पांढरा पोशाख, पांढरी हॅट आणि पेनिनाने पाठवलेले पांढरे, सुईसारख्या टोकाचे बूट; त्यांत पायच कसाबसा मावे, मोजे कुठले! बाकावर बसलं की बूट हळूच काढून ठेवायचे, ही तिची जुनी युक्ती. त्या दिवशी प्रवचन लांबलं. उघड्या दारातून गावातलं एक तांबडं कुत्रं आत आलं, बाकांखालून हुंगत हुंगत पुढे सरकलं, लांगिमाइनाचा उजवा बूट त्याने तोंडात धरला आणि आल्या वाटेने शांतपणे निघून गेलं. लहान मुलांनी पाहिलं. मुलं असं काही सांगत नसतात.

पाद्रीबुवांनी बायकांच्या गाण्याची सूचना केली. गाणं उचलून द्यायचं काम लांगिमाइनाचं. तिने पायाने चाचपलं. डावा सापडला, उजवा नाही. पुन्हा चाचपलं. सगळं चर्च तिच्याकडे बघायला लागलं. एका बुटावर लंगडत जाण्यापेक्षा दोन्ही पाय मोकळे बरे, असं म्हणून तिने डावाही काढला आणि मान ताठ ठेवून पुढे गेली.

पहिल्या रांगेत तिची नणंद मेलेसेते उभी होती. देवाने मेलेसेतेला सगळं दिलं, फक्त कुजबुजता येईल असा आवाज दिला नाही.

"अगं बाई! वहिनी, बोटाला काय झालं? मासे धरायच्या गळासारखं वळलंय की!"

गाण्याची पहिली ओळ हसण्यातच गेली. दुसऱ्या ओळीला पाद्रीबुवांनी रुमाल तोंडाला लावला. लांगिमाइना एकटी शेवटपर्यंत गायली, थोडी वरच्या पट्टीत.

दुपारी जेवायला सगळं घर एकत्र बसलं, तेव्हा मेलेसेतेने केळीच्या पानावर तारो कंदाचा तुकडा ठेवता ठेवता विषय पुन्हा काढला.

"दाखव."

"जेव गुपचूप."

"म्हणून तू यंदा मैदानात उडी मारत नाहीस होय? मला वाटलं म्हातारी झालीस."

"म्हातारी तू! माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहेस."

"पण माझी बोटं सरळ आहेत."

हा घाव वर्मी बसला. कारण मेलेसेतेने बरोबर ओळखलं होतं. वाइमासीच्या बायकांचा किलिकितीचा संघ होता. किलिकिती म्हणजे बेटावरचं क्रिकेट: तीन धारांची गदेसारखी बॅट, रबराचा चेंडू, एका बाजूला वीस-वीसजणी, आणि समोरची बाद झाली की अख्ख्या संघाने टाळ्या-गाणी-उड्या. त्या उड्यांची म्होरकी लांगिमाइना होती. शिट्टी तिच्या तोंडात, तिने हवेत झेप घेतली की बाकीच्यांनी घ्यायची. या हंगामात मात्र ती नुसते हात हलवत होती. उडी मारून खाली आलं की उजव्या बोटातून कळ थेट डोक्यात जायची. म्होरकीच जमिनीला चिकटून म्हटल्यावर संघाचंही पाणी ओसरलं होतं. शेजारच्या फाओवाई गावाने त्यांना सलग तीनदा लोळवलं, आणि त्यांची कप्तान ओफीरा बसच्या खिडकीतून ओरडून गेली होती, "पुढच्या वेळी खुर्च्या घेऊन या गं, बसून टाळ्या वाजवायला!"

दुसऱ्या दिवशी मेलेसेतेने मालिश करणारी म्हातारी आणली. तिने खोबरेल तेल लावून तीन दिवस बोट चोळलं. बोटाला फार बरं वाटलं, आणि चौथ्या दिवशी ते जिथे होतं तिथेच परत गेलं. मग लांगिमाइनाने स्वतःच्या हाताने मूर्खपणा केला. इओसुआचं दाढीचं ब्लेड घेऊन तिने कुरूप कापलं.

दोन दिवसांत बोट पिकल्या मिरचीसारखं लाल झालं. इओसुआने ते पाहिलं, दारात बसून विचार केला आणि म्हणाला, "दवाखाना." त्या आठवड्यातलं त्याचं ते सगळ्यात लांब भाषण होतं. तिला पुढची तयारी करायला वेळ न देता त्याने बस थांबवली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा एतेवीसे नावाची नर्स पाय तपासायला यायची. तिशीतली, अंगाने भरलेली, हसरी. पण हात पोलादाचा. तिने आधी रक्तातली साखर तपासली, मग बोटाकडे पाहिलं.

"मावशी, हे कुणी केलं?"

"झालं."

"ब्लेडने आपोआप होत नाही. साखर नाहीये तुम्हाला, देवाची कृपा समजा. असती तर बोटावर भागलं नसतं, पाय गेला असता. कुरूप कापायचं नाही. कधीच नाही. कुरूप काही चोर नव्हे, ते ओरडणारं कुत्रं आहे. चोर दुसराच आहे."

जखम धुऊन पट्टी बांधून झाल्यावर तिने खोक्याचा एक पुठ्ठा जमिनीवर टाकला.

"यावर उभ्या राहा. दोन्ही पायांवर सारखा भार द्या."

तिने पेन्सिलीने डाव्या पायाभोवती रेघ ओढली. मग लांगिमाइनाच्या पायातून काढलेला बूट त्या रेघेवर ठेवला. बुटाच्या चहूबाजूंनी पाय बाहेर उरला होता. पुढे तर दोन बोटं पुरती उघड्यावर.

"हा बूट कुणाचा?" एतेवीसेने विचारलं.

"माझा."

"आणि हा पाय?"

"माझाच की."

"मग या दोघांची गाठ कधी घालून दिलीत?"

इओसुआ फिस्सकन हसला. लांगिमाइनाने त्याच्याकडे बघितलं, आणि मग तिलाही हसू आवरेना.

एतेवीसेने डाव्या पायाचं वाकडं बोट चिमटीत धरून हळूच ताणलं. ते सरळ झालं. "हे अजून ऐकतंय," ती म्हणाली. "ऐकतंय तोवर समजवायचं. रोज हाताने असंच सरळ करायचं, वीस-तीस वेळा. खाली टॉवेल पसरून बोटांनी गोळा करायचा. आणि शेजारच्या बोटाला धरून पट्टी कशी गुंडाळायची ते मी दाखवते." मग तिने उजवं धरलं. ते हललं नाही. "याने हट्ट धरलाय. सांधाच आखडलाय. याला व्यायामाने सरळ करता येणार नाही, मी खोटं सांगणार नाही. वर मऊ गादी लावू, ऐसपैस बूट घालू. त्यानेही दुखायचं थांबलं नाही तर ऑपरेशन."

"आणि बूट कसला घेऊ?"

"सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहिली पाहिजे. बोटांवर छत उंच पाहिजे. टाच बुटकी. आणि माप संध्याकाळी घ्यायचं, दिवसभराने पाय फुगलेला असतो तेव्हा. सकाळचा पाय खोटं बोलतो."

"माझा पाय नाही बोलला गं खोटं," लांगिमाइना म्हणाली. "मीच बोलले."

घरी आल्यावर तिने ऑकलंडला फोन लावला.

"पेनिना, माझं माप नऊ आहे."

पलीकडे पेनिनाने हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"अगं मेले! आणि मी इतकी वर्षं दुकानात सात सात करत मरतेय! सातमध्ये तुझ्यासाठी काही मिळेना म्हणून एकदा लहान मुलींच्या विभागात गेले होते मी!" आणि मग दोघी बहिणी इतक्या हसल्या की शेजारच्या घरातून कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं.

टॉवेल गोळा करून दोन दिवसांत लांगिमाइनाला कंटाळा आला. मग ती किनाऱ्यावर गेली. छोट्या कवड्या वाळूत मांडायच्या, पायाच्या बोटांनी एकेक उचलायची आणि नारळाच्या करवंटीत टाकायची. पहिल्या दिवशी डाव्या पायाने चार झाल्या. मेलेसेते कमरेवर हात ठेवून बघत होती.

"खेकडा बरा तुझ्यापेक्षा."

"तू करून दाखव."

मेलेसेतेने सपाता भिरकावल्या. तिची सरळ बोटं वाळूत नुसती चरचर करत राहिली. एक कवडी उचलली, ती करवंटीच्या बाहेर पडली. आता गावात मेलेसेतेचा आवाज कुठवर जातो हे सांगायला नको. आठवड्याभरात संध्याकाळी किनाऱ्यावर पंधरा-वीस बायका एका पायावर तोल सांभाळत कवड्या उचलताना दिसायला लागल्या. पैजा लागायच्या. हरणारीने जिंकणारीच्या घरचं अंगण झाडायचं. त्र्याऐंशी वर्षांच्या आजी सालोते, जन्मात कधी बूट न घातलेल्या, त्यांनी एका दमात एकतीस कवड्या उचलल्या आणि म्हणाल्या, "माझं अंगण उद्या पहाटे झाडून हवं. तीन-तीनदा." मेलेसेते हाताने कवडी टाकताना पकडली गेली तेव्हा तर इतका गलका झाला की पाद्रीबुवा धावत आले, त्यांना वाटलं कुणी बुडालं.

या खेळात एक गोष्ट लांगिमाइनाच्या नजरेत भरली. सपाता काढल्या की बऱ्याच बायकांची बोटं मुडपलेली दिसत होती. कुणी अपियाला दुकानात उभी राहिलेली, कुणी नातेवाइकांकडून आलेले आखूड बूट वर्षानुवर्षं चर्चला घालणारी. आणि शाळेतल्या मुलींचे पाय वाढत होते, बूट नाही.

गावात महिलामंडळ दर तीन महिन्यांनी घरोघर फिरून चटया, चादरी, मोऱ्या तपासतं. त्या वेळी लांगिमाइना उठून म्हणाली, "यंदा बूटही तपासायचे."

"बूट?" पाद्रीणबाईंनी हॅट सावरली. त्यांच्या पायांत सगळ्या गावात सगळ्यात टोकदार असे पांढरे बूट होते. "लांगिमाइना, देवापुढे जाताना माणसाने नीटनेटकं जायला हवं."

"हो ना बाई. पण देवाने पाय ज्या मापाचा दिलाय, त्या मापात गेलं तर त्याला जास्त बरं वाटेल."

मागून मेलेसेते म्हणाली, "नाहीतर कुत्रं येतं."

पाद्रीणबाईंनाही हसावं लागलं. त्या दिवशी घरोघरी पुठ्ठे पसरले गेले. बूट रेघेच्या आतच राहतोय, पाय बाहेर उरतोय असं दिसलं की तो बाजूला. लहान मुलींचे तर निम्म्याहून जास्त बाजूला पडले. ते धाकट्यांना गेले, त्यांच्या पायांभोवतीही रेघ ओढून बघून. शेवटी त्रेपन्न पुठ्ठे, नावं घालून, बांधून ऑकलंडला गेले, कारण नाताळाचे बूट तिथूनच यायचे होते. पेनिनाचा फोन आला.

"हे काय पाठवलंस? सगळ्या समुद्रातल्या बेटांचे नकाशे?"

"पाय आहेत. दुकानात घेऊन जा. पुठ्ठा बुटात वाकल्याशिवाय बसला तरच घ्यायचा."

"आणि यातल्या एकावर नाव का नाही?"

"विचारू नको," लांगिमाइना म्हणाली. "त्या पाद्रीणबाई आहेत."

चार महिन्यांत डावं बोट जमिनीला टेकायला लागलं. उजवं होतं तिथेच होतं. रुंद बुटाने कुरूप मऊ झालं, चालताना कळ येईना; पण उडी मारली की बोट आपलं जुनं गाऱ्हाणं सांगायचं. न्यूझीलंडहून हाडांचे डॉक्टर महिनाभर अपियाला आले आहेत असं एतेवीसेने कळवलं, तेव्हा लांगिमाइनाने दिवसभर नुसतं अंगणच झाडलं. तिला सुईची भीती वाटायची. विमानाची तिकिटं विकणारी ही बाई स्वतः कधी विमानात बसली नव्हती, ती त्याच भीतीपोटी. वर जाताना कान टोचतात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

डॉक्टर उंच, लाल चेहऱ्याचे होते. एतेवीसे त्यांचं बोलणं सांगायला उभी होती.

"आखडलेल्या पेरातलं थोडं हाड काढायचं आणि बोटातून एक बारीक तार घालायची. पाच-सहा आठवड्यांनी तार काढायची. त्यानंतर बोट सरळ राहील, पण त्या पेरात वाकणार नाही."

"वाकणार नाही ना? मग चांगलं आहे," लांगिमाइना म्हणाली. "वाकून वाकून त्याने हा उद्योग केलाय." मग आवाज उतरवून, "उडी मारता येईल?"

डॉक्टरांनी विचारलं, उडी कशासाठी? एतेवीसेने सांगितलं. सांगताना तिने हातांनी टाळी वाजवून दाखवली, जागच्या जागी झेपही घेऊन दाखवली. डॉक्टर हसत म्हणाले, घाई केली नाही तर पुढच्या हंगामात येईल.

बोट बधिर करताना इओसुआने तिचा हात धरला होता. मध्येच तो म्हणाला, "लांगी, मला तुझी बोटं वाकडी असतानाही आवडत होती."

"हे आत्ता सांगतोस? सुई टोचून झाल्यावर?"

हंगाम सुरू झाला तेव्हा तिच्या बोटातून तार बाहेर डोकावत होती आणि पायाला ओलं लागू द्यायचं नव्हतं. पण घरी बसेल ती लांगिमाइना कसली! इओसुआने तारो वाहायची हातगाडी धुतली, आत चटई आणि दोन उशा टाकल्या आणि तिला मैदानावर नेऊन उभी केली, म्हणजे बसवली. पाय उशीवर उंच, तोंडात शिट्टी. फाओवाईची ओफीरा ते बघून पोट धरून हसली. "मी खुर्ची म्हटलं होतं गं, गाडी नाही!" लांगिमाइनाने शिट्टीनेच उत्तर दिलं. समोरची बाद झाली की इओसुआ गाडीच्या मुठी उचलून गाडी हवेत हेलकावे खायला लावायचा, आणि संघ उड्या मारायचा. वाइमासी तो सामना हरला, पण फक्त चार धावांनी, आणि मैदानभर टाळ्या वाइमासीच्या बाजूने होत्या.

तार निघाली. बूट रुंदच राहिले. कवड्या रोज. पुढचं वर्ष उजाडलं, आणि जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पुन्हा वाइमासी आणि फाओवाईच समोरासमोर.

वाइमासीच्या एकशे अठरा झाल्या. फाओवाईची शेवटची जोडी खेळत होती, तीन धावा हव्या होत्या आणि बॅट ओफीराच्या हातात. तिने चेंडू असा उंच मारला की माडांच्या शेंड्यांवर गेला. खाली मेलेसेते उभी होती, तोंड उघडं, दोन्ही हात वर.

"वन्सं, तोंड मिट आणि डोळे उघड!" लांगिमाइना ओरडली.

चेंडू मेलेसेतेच्या हातांवर आदळला, छातीवर उडाला, पुन्हा हातात आला. क्षणभर कुणालाच खरं वाटेना. मग शिट्टी वाजली. लांगिमाइना हवेत होती. वाइमासीच्या वीसजणी तिच्यामागे हवेत होत्या. खाली आल्या, टाळी, पुन्हा वर. पाच वेळा, सात वेळा, आठव्यांदा इओसुआने "पुरे!" म्हटलं, आणि अख्खं मैदान त्याच्याकडे वळून बघायला लागलं, कारण त्याचा आवाज बऱ्याचजणांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

जेवणं झाली. फाओवाईच्या बायका बसमध्ये चढत होत्या. ओफीरा मात्र मैदानाच्या कडेला फणसाच्या सावलीत लांगिमाइनाशेजारी येऊन बसली. 

"हसशील?" ओफीराने विचारलं.

"हसेन. मग बघेन."

ओफीराने बुटाची नाडी सोडली, मोजा काढला. उजव्या पायाचं दुसरं बोट मधे उचललेलं, वर कोवळं कुरूप. लांगिमाइना कबूल केल्याप्रमाणे हसली. मग तिने तो पाय आपल्या मांडीवर घेतला, बोट चिमटीत धरलं आणि हळूच ताणलं. ओफीराने डोळे गच्च मिटले होते.

"उघड डोळे," लांगिमाइना म्हणाली. "ऐकतंय की गं हे अजून!"

बसवाला भोंगा वाजवत होता, फाओवाईच्या बायका खिडक्यांतून हाका मारत होत्या. ओफीराने त्यांच्याकडे न बघता एक हात वर करून थांबा म्हणून खूण केली आणि दुसराही बूट काढायला घेतला.